हसरे शुभेच्छापत्र आणि हरवलेली दोन माणसे

गेल्या वैशाख पौर्णिमेच्या सुमारास एका उपासकांनी एक शुभेच्छापत्र आमच्यापुढे आणून ठेवले. ते वाढदिवसाचे इंग्रजी कार्ड होते. महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीला ते तिच्या मैत्रिणीने दिले होते. कार्डाच्या दर्शनी भागावर सोनेरी रंगाचा एक स्थूल, मुंडित पुरुष बसलेला आहे. छाती आणि पोट उघडे, कानांच्या पाळ्या खांद्यापर्यंत लोंबलेल्या, डोळे हसता हसता मिटलेले. वर ठळक अक्षरांत त्याचा उल्लेख ‘बुद्ध’ असा केला आहे. कार्ड उघडले की आत विनोद येतो. बुद्धाने जगाला मध्यम मार्ग सांगितला आणि वाढदिवसाचे केक खाता खाता त्याच्या स्वतःच्या ‘मध्या’चे हे असे झाले! कमरेच्या घेरालाही इंग्रजीत ‘मिडल’ म्हणतात. त्या श्लेषावर हा विनोद उभा आहे. शेवटी सूचना अशी की, या पोटावरून हात फिरवावा, म्हणजे येणारे वर्ष भाग्याचे जाईल.

या कार्डावरून त्या घरात दोन पक्ष पडले होते. आजोबांचे म्हणणे, ही तथागतांची विटंबना आहे, कार्ड परत करावे आणि पुन्हा असले काही घरात येऊ देऊ नये. नातीचे म्हणणे, मैत्रिणीने प्रेमाने दिले आहे, त्यात वाईट हेतू नाही आणि आपल्याला हसता येत नाही असे लोकांनी का म्हणावे? दोघांपैकी कोणाचे बरोबर, असा प्रश्न त्या उपासकांनी आम्हास विचारला. प्रश्न लहान दिसतो, परंतु तो एका घरापुरता नाही. म्हणून या कार्डाची थोडी सविस्तर चिकित्सा येथे करीत आहोत.

शुभेच्छापत्रासारख्या किरकोळ वस्तूची समीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ग्रंथ ज्या घरात पोहोचत नाही त्या घरात कार्ड पोहोचते. छापील शुभेच्छापत्राच्या व्यापाराचा इतिहासही याचीच साक्ष देतो. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे कार्ड काढून घेऊन विक्रीस आणले. त्यावर लहानथोरांचे एक कुटुंब मद्याचे पेले हाती घेऊन बसलेले दाखविले होते. मद्यपानविरोधी मंडळींनी त्यास तत्काळ हरकत घेतली. म्हणजे व्यापारी शुभेच्छापत्राबरोबरच त्याची टीकाही जन्मास आली. चार बोटांच्या चित्रातून समाजाला काय शिकविले जाते, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

तथागतांचे हास्य

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. तथागतांचा धम्म गंभीर आहे, म्हणून त्यात विनोदाला स्थान नाही, अशी अनेकांची समजूत असते. सुत्तपिटक वाचणाऱ्यास ही समजूत टिकविता येणार नाही. दीघनिकायातील तेविज्ज सुत्त घ्या. ब्रह्म्याशी सायुज्य मिळविण्याचा मार्ग कोणता, यावर वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांत वाद झाला आहे. ज्या ब्रह्म्याला या ब्राह्मणांनी पाहिले नाही, त्यांच्या आचार्यांनी पाहिले नाही, त्या आचार्यांच्या आचार्यांनीही पाहिले नाही, त्याच्याकडे जाण्याचा मार्ग हे सांगतात, यावर तथागत दोन दृष्टान्त देतात. एक मनुष्य म्हणतो, या देशातील सर्वांत सुंदर स्त्रीवर माझे प्रेम आहे. परंतु तिचे नाव काय, वर्ण कोणता, राहते कोठे, हे त्याला ठाऊक नाही. दुसरा मनुष्य चौकात जिना बांधीत बसला आहे. परंतु तो जिना ज्या प्रासादावर चढावयाचा, तो प्रासाद कोठे आहे हे त्याला ठाऊक नाही. हे ऐकून ज्याला हसू येणार नाही, त्याला दृष्टान्त समजला नाही असेच म्हणावे लागेल.

केवट्ट सुत्तातील कथा तर याहून धीट आहे. महाभूतांचा निःशेष निरोध कोठे होतो, हा प्रश्न घेऊन एक भिक्खू देवलोकाच्या एकेक पायऱ्या चढत थेट महाब्रह्म्यापर्यंत पोहोचतो. महाब्रह्मा उत्तर न देता आपल्या सर्वज्ञतेची आणि कर्तेपणाची बिरुदावली ऐकवितो. भिक्खू म्हणतो, मी ते विचारले नव्हते. असे तीनदा झाल्यावर महाब्रह्मा त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि हळूच कबूल करतो की, मलाही ठाऊक नाही. परंतु या देवमंडळींसमोर ते कसे सांगावे? अग्गञ्ञ सुत्तात, आम्ही ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलो असे म्हणणाऱ्यांस तथागत एवढेच स्मरण करून देतात की, ब्राह्मणांच्या स्त्रियाही गर्भवती होताना, प्रसूत होताना आणि मुलांना पाजताना दिसतात. जन्मश्रेष्ठत्वाचा सारा डोलारा या एका साध्या वाक्याने खाली येतो.

या तिन्ही ठिकाणी विनोदाची दिशा एकच आहे. जो स्वतःला सर्वज्ञ, श्रेष्ठ अथवा जन्मतः पवित्र म्हणवितो, त्याच्या दाव्यावर तथागत हसतात. दुर्बळावर, अज्ञ जिज्ञासूवर अथवा कोणाच्या शरीरावर ते हसत नाहीत. विनोदाची बौद्ध कसोटी येथे आपल्या हाती येते. विनोद कोणावर आहे, तो सत्यावर आधारलेला आहे की असत्यावर, आणि हसून झाल्यावर मनुष्य अधिक जागा होतो की अधिक झोपी जातो, हे पाहावयाचे.

आमच्या समाजाला ही कसोटी विशेष काळजीने वापरावी लागते. ज्यांची पिढ्यान् पिढ्या टवाळी झाली, त्यांनी एखाद्या चित्रास हरकत घेतली की, ‘यांना विनोद कळत नाही’ असे चटकन म्हटले जाते. शंकर यांनी १९४९ साली काढलेले व्यंगचित्र एका शालेय पाठ्यपुस्तकात होते. संविधानरूपी गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत आणि पाठीमागे पंडित नेहरू चाबूक उगारून उभे आहेत, असे ते चित्र. त्यावरून २०१२ साली संसदेत आणि संसदेबाहेर केवढा वाद झाला, हे वाचकांस आठवत असेल. त्या वादात दोन्ही बाजूंनी जे घडले त्या सर्वाचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु चाबूक कोणाच्या हाती आणि कोणाच्या पाठीमागे दाखविला आहे, हे विचारणे म्हणजे विनोदबुद्धीचा अभाव नव्हे. ते चित्र वाचता येणे होय.

कार्डावरचा मनुष्य कोण?

आता प्रस्तुत कार्डाकडे वळू. त्यातील पहिला दोष हा की, ज्याचे चित्र आहे त्याचे नाव नाही आणि ज्याचे नाव आहे त्याचे चित्र नाही. सोनेरी रंगाचा तो स्थूल पुरुष म्हणजे शाक्यकुलोत्पन्न सिद्धार्थ गोतम नव्हे. त्यांच्यानंतर सुमारे चौदाशे वर्षांनी चीनमध्ये होऊन गेलेला तो एक फिरता भिक्खू होय. त्याचे नाव छीत्स असे सांगतात. लोक त्याला ‘बुदाई’ म्हणत. चिनी भाषेत बुदाई म्हणजे कापडाची पिशवी, आपण ज्याला झोळी म्हणू ती. आजच्या झेजियांग प्रांतातील फेंगह्वा परिसरात तो वावरला आणि दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथील युएलिन विहारात त्याचा अंत झाला. भिक्खूंच्या चरित्रांचा जो संग्रह ९८८ साली सिद्ध झाला त्यात आणि १००४ सालच्या ‘दीपसंक्रमण’ ग्रंथात त्याची हकिकत आली आहे. दंतकथांचा भाग वगळला तरी असा कोणी मनुष्य होता, असे मानण्यास आधार आहे.

हा झोळीवाला मोठा विलक्षण मनुष्य दिसतो. त्याला ठराविक निवास नव्हता. मिळेल ते मागावयाचे, थोडे खावयाचे आणि उरलेले झोळीत टाकावयाचे, असा त्याचा क्रम. बर्फात उघड्यावर झोपला तरी त्याच्या अंगावर बर्फ साचत नसे, असे लोक सांगत. एकदा एका भिक्खूने त्याला विचारले, झोळी म्हणजे काय? त्याने झोळी खाली ठेवली. झोळीच्या पलीकडची गोष्ट कोणती, असे विचारताच त्याने झोळी खांद्यावर टाकली आणि तो चालू लागला. उत्तरात एक शब्दही नाही. ओझे खाली ठेवता आले पाहिजे आणि वेळ येताच उचलून चालताही आले पाहिजे, असा त्याचा आशय आम्हास दिसतो.

त्याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या एका पद्यावरून तो मैत्रेयाचा अवतार होता, अशी समजूत पुढे पसरली. हांगचौ येथील फेइलाइफेंग टेकडीच्या कातळात कोरलेली त्याची प्रशस्त हसरी मूर्ती आजही पाहावयास मिळते. ती सोंग राजवटीच्या काळातील मानतात. पुढे चिनी विहारांच्या प्रवेशदालनात मैत्रेय म्हणून हीच आकृती रूढ झाली. दुष्काळ आणि उपासमार वारंवार अनुभवणाऱ्या शेतकरी समाजात भरलेले पोट हे सुबत्तेचे आणि मोठ्या मनाचे चिन्ह ठरावे, यात नवल नाही. जपानात तो ‘होतेइ’ झाला आणि सात भाग्यदेवतांच्या नौकेत जाऊन बसला. तेथून भेटवस्तूंच्या जागतिक बाजारात त्याचा प्रवेश झाला, आणि या बाजाराने त्याला ‘लाफिंग बुद्धा’ हे नाव चिकटविले.

आमच्या देशात मैत्रेयाची कल्पना कशी होती, हे पाहावयाचे असेल तर फार दूर जावयास नको. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्याच्या दारावर सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय ओळीने बसलेले रंगविले आहेत. पाचव्या शतकातील ते सौम्य, सडसडीत मैत्रेयाचे रूप आणि कार्डावरील आकृती यांत नात्याचा मागमूसही दिसत नाही.

चिनी जनतेने आपल्या भूमीतील एका लोकप्रिय भिक्खूला मैत्रेय मानले, यावर राग धरण्याचे आम्हास कारण नाही. त्यांच्या विहारात शाक्यमुनी वेगळे आहेत आणि झोळीवाला वेगळा आहे. कोण कोण आहे हे तेथील उपासक जाणतो. घोटाळा बाजाराने केला. त्याने एकाच फटक्यात दोन माणसे पुसली. तर्काने आणि करुणेने जग बदलू पाहणारा गोतम पुसला गेला, आणि स्वतःजवळ काही न ठेवणारा, भाग्याची पर्वा न करणारा तो फकीर भिक्खूही पुसला गेला. उरले ते एक सोनेरी पोट.

पोटाचा विनोद

कार्डाचा विनोद ज्या श्लेषावर उभा आहे तो असत्यावर आधारलेला असल्यामुळे लंगडा आहे. मध्यम मार्गाचा शोध ज्याने लावला, त्याच्या देहाचा इतिहास काय आहे? लाहोरच्या संग्रहालयात गांधार शैलीतील सुप्रसिद्ध उपोषित सिद्धार्थाची मूर्ती आहे. बरगड्या मोजून घ्याव्यात, शिरा बोटाने चाचपाव्यात, डोळे खोल गेलेले. देहदंडाची ही परिसीमा गाठल्यावर सिद्धार्थांनी ओळखले की, उपासमारीने प्रज्ञा वाढत नाही; आणि त्यांनी अन्न घेतले. सुखविलास आणि आत्मक्लेश ही दोन्ही टोके स्वतः भोगून सोडलेल्या मनुष्याचा तो मार्ग आहे. त्या मार्गाचे नाव एका वाढलेल्या पोटाला देणे, हा विनोद करणाऱ्यास मार्गाची माहिती नसल्याचा पुरावा होय.

गंमत अशी की, तथागत आणि वाढलेले पोट यांची एक खरी कथा संयुत्तनिकायात आहे आणि ती या कार्डापेक्षा कितीतरी अधिक विनोदी आहे. कोसलचा राजा पसेनदी एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात जेवीत असे. असेच एकदा भरपेट जेवून, धापा टाकीत तो तथागतांच्या भेटीस आला. तथागतांनी त्याला उपदेशाचे व्याख्यान दिले नाही. माप ओळखून, भानावर राहून जेवणाऱ्याचे त्रास कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, एवढ्या आशयाची एक गाथा ते म्हणाले. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, ही गाथा पाठ कर आणि मी जेवीत असताना रोज म्हणत जा. तुला रोज शंभर कहापण देईन. क्रमाक्रमाने राजाचा आहार उतरला, अंग हलके झाले, आणि स्वतःच्या अंगावरून हात फिरवीत तो म्हणाला की, तथागतांनी माझ्यावर दुहेरी अनुकंपा केली.

येथेही पोट आहे, हसू आहे आणि अंगावरून हात फिरविणेही आहे! फरक इतकाच की, येथे राजा स्वतःच्या अंगावरून हात फिरवितो, तेव्हा त्याला स्वतःत झालेला बदल हाताला लागतो. कार्ड मात्र दुसऱ्याच्या पोटावरून हात फिरवून भाग्य मिळवावयास सांगते. एका कथेत मनुष्य स्वतः काही करतो; दुसऱ्या विनोदात त्याला काहीच करावयाचे नाही.

भाग्याचा प्रश्न

आमच्या मते या कार्डातील खरा आक्षेपार्ह भाग चित्रात अथवा श्लेषात नसून या शेवटच्या सूचनेत आहे. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, म्हणजे ब्रह्मजाल सुत्तात, ज्या विद्यांवर उपजीविका करण्यापासून तथागत अलिप्त होते त्यांची लांबलचक यादी दिली आहे. अंगलक्षणे पाहणे, उत्पात आणि स्वप्ने यांचे अर्थ सांगणे, ग्रहणांची भाकिते, मुहूर्त काढणे, नवससायास, हे सर्व त्यात आहे. त्याच यादीत वत्थुविज्जाही आहे. घराची जागा शुभ की अशुभ हे सांगण्याची ती विद्या. आज हसऱ्या मूर्तीचे तोंड दाराकडे असावे, ती स्वतः विकत न घेता दुसऱ्याने दिलेली असावी, म्हणजेच धनलाभ होतो, असे जे भेटवस्तूंच्या दुकानात सांगितले जाते ते याच विद्येचे नवे रूप होय. ज्यांनी ही विद्या हीन म्हणून नाकारली, त्यांचेच नाव तिच्या विक्रीसाठी वापरले जात आहे. याहून मोठी विटंबना उघड्या पोटाच्या चित्रात नाही.

मंगल म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तरही तथागतांनी दिले आहे. मंगल सुत्तात शुभ शकुनांची नावे नाहीत. सज्जनांची संगत, मातापित्यांची सेवा, शिल्प आणि विद्या, निर्दोष उद्योग, दान, गोड वाणी, अशी कर्मांची नावे आहेत. लोक मंगल बाहेर शोधीत होते. तथागतांनी ते आचरणात आणून ठेवले. या कार्डाने ते पुन्हा उचलून एका पोटावर नेऊन ठेवले आहे.

मग शुभेच्छा देणेच चूक आहे काय? नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक मनोज्ञ प्रसंग आहे. उपदेश चालू असताना तथागतांना शिंक आली. भिक्खूंनी मोठ्याने दीर्घायुष्याचा गजर केला आणि उपदेशात खंड पडला. तथागतांनी विचारले, शिंकल्यावर असे म्हटल्याने कोणी जगतो किंवा मरतो काय? भिक्खू म्हणाले, नाही. तेव्हा असे न म्हणण्याचा नियम झाला. पुढे गृहस्थ भिक्खूंना शिंकेच्या वेळी दीर्घायुष्य चिंतू लागले आणि भिक्खू गप्प राहू लागले, तेव्हा लोकांना ते तुटकपणाचे वाटले. हे कळताच तथागतांनी मुभा दिली की, गृहस्थांना मंगल शब्द आवडतात, त्यांनी तसे म्हटल्यास उलट दीर्घायुष्य चिंतावे.

शुभेच्छापत्राविषयीचा संपूर्ण विवेक या लहान प्रसंगात आहे. शब्दाने आयुष्य वाढत नाही, हे प्रथम स्पष्ट सांगावयाचे. आणि ते सांगून झाल्यावर, स्नेहाने आलेल्या शब्दाला स्नेहानेच उत्तर द्यावयाचे. सत्य सोडावयाचे नाही आणि माणूसही तोडावयाचा नाही.

आदर राखून केलेला विनोद

पूज्य व्यक्तीवर विनोद केला की अनादर होतोच, असेही नाही. जपानी झेन भिक्खू सेंगाई (१७५०–१८३७) यांची चित्रे याचे उत्तम उदाहरण होत. त्यांनी एक बेडूक काढला आहे. तो ध्यानस्थासारखा बसला आहे आणि ओठांच्या कोपऱ्यात हसतो आहे. नुसते बसण्यालाच साधना समजणाऱ्यांना तो आरसा दाखवितो. त्यांनी होतेइही काढला आहे. त्याचे बोट चंद्राकडे आहे आणि शेजारी एक मूल आनंदाने उड्या मारीत आहे. परंतु खुद्द चंद्र चित्रात नाही. बोटाकडे पाहत बसू नये, हा उपदेश हसत हसत होतो. पोट तेच, हसू तेच; परंतु पाहणाऱ्याची दृष्टी पोटावरून उठून वर जाते. प्रस्तुत कार्डात ती पोटावरच खिळून राहते.

दुसरे उदाहरण दारुमाचे. भारतातून चीनमध्ये गेला असे परंपरा ज्याच्याविषयी मानते, त्या बोधिधर्माचे हे जपानी नाव. नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून बसल्यामुळे त्याचे हातपाय झडले, अशी दंतकथा आहे. तीवरून कागदाच्या लगद्याची गोल, लाल, बिनहातापायांची बाहुली तयार झाली. ताकासाकी हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. जपानात नववर्षाची पत्रे पाठविण्याची मोठी प्रथा आहे आणि १९४९ सालापासून तेथील टपाल खाते या पत्रांवर सोडतीचे क्रमांकही छापते. त्या पत्रांवर हा भुवया चढविलेला दारुमा नेहमी दिसतो. तोही भाग्याच्या व्यवहारातून सुटलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि, ती बाहुली आडवी केली की पुन्हा उठते. संकल्प करताना तिचा एक डोळा रंगवावयाचा आणि तो तडीस गेल्यावर दुसरा. विनोदातही चिकाटीचा अंश शिल्लक राहिला आहे. मूळ मनुष्याची एक खूण जपली गेली आहे. ‘लाफिंग बुद्धा’च्या कार्डात गोतमाची एकही खूण नाही आणि झोळीवाल्याची झोळीसुद्धा नाही.

आपले घर

दुसऱ्याच्या कार्डाची चिकित्सा करताना आपल्या घराकडे पाठ फिरविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमच्या परिचयाच्या अनेक घरांत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, काचेच्या कपाटात, ही हसरी मूर्ती आम्ही पाहिली आहे. वास्तूच्या वेळी कोणीतरी दिली, असे सांगितले जाते. ‘बुद्धच आहे ना,’ म्हणून ती ठेवली जाते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे हा खोटा आणि खोडसाळ प्रचार आहे, अशी एक प्रतिज्ञा आहे. बुद्धाचे नाव कायम ठेवून बुद्धाचा विचार काढून टाकण्याची ती जुनी युक्ती होती. अवताराच्या कल्पनेने बुद्धाला देव करून निरुपद्रवी केले. भाग्याच्या बाजाराने त्याला खेळणे करून निरुपद्रवी केले. पद्धत वेगळी, परिणाम एकच.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या अखेरच्या भागात बाबासाहेबांनी सिद्धार्थ गोतम या माणसाविषयी स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. त्यांचे व्यक्तिमत्त्व, त्यांची माणुसकी, त्यांच्या आवडीनिवडी. त्यात दारिद्र्याविषयीची त्यांची नावड आहे, संचयवृत्तीची नावड आहे आणि सौंदर्याचे प्रेमही आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटी माणूस उभा करण्याची गरज त्यांना का वाटली असेल? मार्ग दाखविणारा माणूस होता, हे विसरले की मार्गही चालण्याचा उरत नाही, पूजण्याचा होतो. किंवा हात फिरविण्याचा होतो.

आमच्या जयंतीच्या आणि पौर्णिमेच्या शुभेच्छापत्रांविषयीही येथे एक शब्द लिहिणे भाग आहे. पूर्वी छापील कार्डे होती, आता भ्रमणध्वनीवर चित्रे फिरतात. त्यांत तेजोवलये असतात, कमळे असतात, आकाशातून पडणारे किरण असतात. अनेकदा तथागतांच्या नावावर त्यांनी कधीही न उच्चारलेली सुभाषितेही असतात. चित्र कोणाचे, शब्द कोणाचे, हे न पाहता ती पुढे पाठविली जातात. विनोदी कार्डाने चित्राची अदलाबदल केली. आम्ही भक्तिभावाने शब्दांची अदलाबदल करतो. दुसरा दोष पहिल्याहून लहान आहे, असे आम्हास वाटत नाही.

आजोबा आणि नात

आता त्या उपासकांच्या प्रश्नाकडे येऊ. ब्रह्मजाल सुत्ताची सुरुवातच अशा प्रसंगाने होते. राजगृहाहून नालंदेकडे जाणाऱ्या वाटेवर सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करीत चालला आहे. भिक्खूंत त्याची चर्चा होते. तथागत त्यांना सांगतात की, निंदा ऐकून रागावू नका. रागावलात तर ते बरोबर बोलतात की चूक, हे तुम्हालाच कळणार नाही. जे असत्य असेल ते असत्य म्हणून उलगडून दाखवा. स्तुती झाली तरी हुरळून जाऊ नका, असेही ते पुढे सांगतात.

यावरून पाहता आजोबांचे निदान अर्धे बरोबर आहे. विटंबना झाली आहे, परंतु ती उघड्या पोटामुळे झालेली नाही. तथागतांचे नाव भाग्याच्या व्यवहाराला लावल्यामुळे झाली आहे. आणि तिला उत्तर राग हे नाही. नातीचे म्हणणेही अर्धे बरोबर आहे. मैत्रिणीचा हेतू स्नेहाचा आहे, तो स्नेह परत करणे योग्य नव्हे. परंतु स्नेह स्वीकारावयाचा म्हणून असत्यही स्वीकारावयाचे, असे होत नाही.

आम्ही त्या मुलीस असे सुचविले की, कार्ड जपून ठेवावे आणि मैत्रिणीच्या वाढदिवसास स्वतःच्या हाताने एक कार्ड तयार करून द्यावे. त्यावर धापा टाकणारा राजा पसेनदी काढावा, त्याच्या ताटात भाताचा ढीग काढावा, आणि पाठीमागे गाथा म्हणणारा, शंभर कहापण मिळणार म्हणून हसू दाबणारा सुदस्सन काढावा. आत लिहावे की, माप ओळखून जेवणारा सावकाश म्हातारा होतो, असे बुद्ध एका राजाला म्हणाले होते. वाढदिवसाला याहून चांगली शुभेच्छा कोणती? आणि मागील बाजूस दोन ओळींत झोळीवाल्या भिक्खूचीही ओळख करून द्यावी. त्याचेही नाव त्याला परत मिळाले पाहिजे.

मुलगी हसली. आजोबाही हसले, आणि पसेनदीची कथा त्यांनी आम्हास पुन्हा एकदा सांगावयास लावली. चित्र नातीने काढावे आणि मजकूर आपण लिहावा, असे त्यांनी तेथेच ठरविले.